फायनल गेलेली फाईल

उदगीरच्या एका मुलीनं प्रश्न पाठवलाय. फौजदाराच्या परीक्षेत निवड झालीय, नाशिकच्या ट्रेनिंगचं बोलावणं अजून यायचंय, आणि मधल्या रिकाम्या दिवसांत तिनं 'इन्स्पेक्टर मॉर्स' ही इंग्रजांची जुनी मालिका बघून संपवली. त्यातला शेवटचा सिनेमा 'द रिमॉर्सफुल डे' बघून ती नाराज आहे. म्हणते, "काका, ज्या माणसासोबत तेहतीस सिनेमे काढले, त्याला शेवटी आरोपीच्या हातात बेडी घालायचीही संधी दिली नाही, मारूनच टाकला. हे ओढूनताणून केलेलं नाही का? दुसरं, मयत बाईला ओळखणारा अधिकारी त्याच खुनाच्या तपासात असतो, हे खरोखर चालतं का? आणि 'एंडेवर'चा शेवट याहून चांगला आहे म्हणतात, तो बघू का?"

मी ३३ वर्षं खात्यात काढली. १९८७ ला फौजदार म्हणून लागलो, बीड, लातूर, परभणी, नांदेड फिरलो, मधली काही वर्षं स्थानिक गुन्हे शाखेत होतो, आणि ३१ मे २०२० ला निरीक्षक म्हणून घरी आलो. आता अंबाजोगाईला असतो. उत्तर लांबेल. आणि शेवट सांगितल्याशिवाय मला बोलता येणार नाही, तेव्हा ज्यांनी हे सिनेमे बघितले नसतील त्यांनी इथंच थांबलेलं बरं.

आधी 'फायनल' या शब्दाचं बघू. तू ठाण्यात रुजू झालीस की पहिल्या आठवड्यात हा शब्द कानावर पडेल, पण सिनेमावाल्या अर्थानं नाही. "त्या खुनाचं काय झालं?" "फायनल पाठवला साहेब." म्हणजे गुन्हा खरा आहे, घडलाय, पण आरोपी काही सापडत नाही, तसा अहवाल कोर्टात गेला आणि 'अ' समरी, म्हणजे तपास बंद करायची मंजुरी, मागितली. 'ब' समरी म्हणजे फिर्यादच खोटी. 'क' म्हणजे धड खरी नाही, धड खोटी नाही, गैरसमजातून किंवा दिवाणी भांडणातून आलेली. या तिघींत 'अ' सगळ्यात वाईट. तिथं माणूस मेलेला असतो, मारणारा गावात हिंडत असतो, आणि आपण सही करून फाईल रेकॉर्डला टाकलेली असते. पण ती फाईल मरत नाही. नवा धागा मिळाला की कोर्टाला कळवून पुढचा तपास करता येतो. आमच्या वेळी ते कलम १७३ (८) होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १९३ (९). नाशिकला पाठ करून घेतील.

'द रिमॉर्सफुल डे' ही अशीच फायनल गेलेली फाईल आहे. इव्होन हॅरिसन नावाच्या नर्सचा तिच्या घरात खून झालेला असतो, वर्ष होऊन जातं तरी तो उघडकीला येत नाही, आणि वरिष्ठ अधिकारी स्ट्रेंज ती फाईल पुन्हा उघडायला सांगतो. मॉर्सची तब्येत ढासळलेली, आणि त्याला या केसमध्ये हात घालायचाच नाही. त्याच्या हाताखालच्या सार्जंट लुईसला कोडं पडतं की कोड्यांसाठी जीव टाकणारा आपला साहेब नेमकं हेच कोडं का टाळतोय. खरा तपास इथून सुरू होतो, आणि तो नर्सच्या खुनाचा जेवढा, तेवढाच मॉर्सचा आहे. एवढा एक धागा धरून ठेव. तुझ्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्यातच आहेत.

ज्यांना मालिकाच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॉलिन डेक्स्टर या लेखकानं १९७५ ते १९९९ या काळात मॉर्सच्या तेरा कादंबऱ्या लिहिल्या. लेखक मूळचा लॅटिन-ग्रीक शिकवणारा मास्तर, बहिरेपणामुळं शाळा सोडून ऑक्सफर्डच्या परीक्षा मंडळात लागलेला, आणि शब्दकोड्यांचा पक्का वेडा. मॉर्स आणि लुईस ही आडनावंसुद्धा त्यानं शब्दकोडी सोडवणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांवरून उचलली. जानेवारी १९८७ ते नोव्हेंबर २००० या काळात टीव्हीवर दोन-दोन तासांचे तेहतीस सिनेमे आले. जॉन थॉ मॉर्स झाला, केविन व्हेटली लुईस, जेम्स ग्राउट स्ट्रेंज. मी ज्या वर्षी खात्यात लागलो त्याच वर्षी मॉर्स पडद्यावर आला. मला मात्र त्याचा पत्ता लागला लॉकडाऊनमध्ये. मुलानं टीव्हीला काहीतरी जोडून दिलं, आणि निवृत्त माणसाला दुपार केवढी मोठी असते ते कळायच्या आत मी सगळी मालिका संपवली.

एक गंमत सांगतो. पोलिसांच्या बिनतारी संदेश विभागातून निवृत्त झालेला माझा एक मित्र एका दुपारी घरी आला होता. मालिकेचं सुरुवातीचं संगीत लागलं आणि हा चहाचा कप खाली ठेवून बोटानं टेबलावर ठोकायला लागला. दा दा. दा दा दा. दि दा दि. दि दि दि. दि. "अरे, हे तर नाव पाठवायलेत," म्हणाला. एम, ओ, आर, एस, ई. संगीतकार बॅरिंग्टन फेलुंगनं तारेच्या मोर्स लिपीतल्या कट्ट-कडकट्टमध्ये मॉर्सचंच नाव त्या धुनेत गुंफलंय. मी तोवर वीसेक सिनेमे बघितले होते आणि एकदाही लक्षात आलं नव्हतं. तपासातही असंच होतं म्हणा. समोर वाजत असतं, ज्याला ती भाषा येते त्यालाच ऐकू येतं.

आता तुझा दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण तो माझ्या धंद्याचा आहे. मयत बाई नर्स होती आणि मॉर्स दवाखान्यात असताना त्यांची ओळख झालेली होती. ही गोष्ट तो स्वतःहून सांगत नाही. लुईसला ती शोधावी लागते. सिनेमा याकडे हळुवारपणे बघतो. एकट्या माणसाचं मन, वगैरे. मी नाही बघू शकत. तपासी अंमलदाराची मयताशी ओळख होती आणि त्यानं ती कागदावर घेतली नाही, हे आरोपीच्या वकिलाच्या हातात गेलं तर उलटतपासणीत तो काय करील याची कल्पना कर. "साहेब, तुम्ही मयताला ओळखत होता का? होता. केस डायरीत लिहिलंत का? नाही. का नाही?" झालं. पुढचा प्रत्येक पंचनामा, प्रत्येक जप्ती संशयात.

कायदा काय म्हणतो ते विचारलंस तर, इतकं काळं-पांढरं नाही. जवळचं एक उदाहरण देतो. फिर्यादी पोलीस आणि तपास करणारा पोलीस एकच असेल तर खटला कोसळतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये म्हटलं होतं. २०२० मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ते फिरवलं: तेवढ्यावरून खटला आपोआप जात नाही, पूर्वग्रह होता का ते त्या त्या प्रकरणात बघायचं. म्हणजे ओळख असणं हा गुन्हा नाही. लपवणं घात करतं. आपल्या भागात तर ओळख असतेच. तालुक्याचं गाव, मयत तुझ्या वर्गमैत्रिणीची जाऊ निघते, आरोपी तुझ्या मावशीच्या गावचा. अशा वेळी पहिल्याच दिवशी अधीक्षकांना लेखी कळवायचं आणि तपास दुसऱ्याकडे द्यायला सांगायचं. पाच ओळींचं पत्र असतं. मॉर्सनं ते पाच ओळींचं पत्र लिहिलं असतं तर सिनेमा झाला नसता, हे मान्य. पण लुईसला जो त्रास झाला तोही झाला नसता. आपल्या साहेबाच्या पाठीमागं त्याच्याबद्दल चौकशी करायची वेळ कनिष्ठावर येणं, याच्याइतकं वाईट काम खात्यात दुसरं नाही. त्या सिनेमात केविन व्हेटलीचा चेहरा बघ. अर्धा वेळ तो माणूस स्वतःवरच चिडलेला दिसतो.

आता पहिला प्रश्न. मॉर्सला का मारला?

साधं उत्तर असं की लेखकानंच मारला. १९९९ च्या शेवटच्या कादंबरीत मॉर्स मरतो, सिनेमा पुढच्या वर्षी आला. टीव्हीवाल्यांनी टीआरपीसाठी केलेली करामत नाही ती. आणि तेहतीसही सिनेमे लक्ष देऊन बघितलेस तर दिसेल की लेखक ही तयारी किती वर्षं करत होता. हा माणूस जेवत नाही, पितो. खुनाचा तपास करतो पण मढं बघवत नाही, रक्त दिसलं की तोंड फिरवतो. (माझ्या पहिल्या इन्क्वेस्टला, म्हणजे प्रेताच्या पंचनाम्याला, मी विहिरीच्या काठावर ओकलो होतो, त्यामुळं या बाबतीत मी त्याच्या बाजूचा.) आपल्या खात्यातही साखर, रक्तदाब, वेळी-अवेळी जेवण, सणावाराला बंदोबस्त, यांतून किती जण पेन्शनला पोचतात ते तुला सेवापुस्तकं चाळली की कळेल.

पण तुझी खरी तक्रार बेडीची आहे. मॉर्स ऑक्सफर्डच्या एक्सेटर कॉलेजच्या हिरवळीवर कोसळतो. आत गायकवृंद फोरे या संगीतकाराच्या रेक्विएममधलं, म्हणजे मृतांसाठीच्या प्रार्थनेतलं, 'इन पॅराडिझम' गात असतो. पुढं दवाखाना. लुईस तेव्हा त्याच्याजवळ नसतो. तो तपासाच्या कामावर बाहेर असतो, आणि केसचा शेवट तो एकटा करतो. मॉर्सचे शेवटचे शब्द खुनाबद्दल नाहीत, कोड्याबद्दल नाहीत. लुईसला माझे आभार सांगा, एवढंच स्ट्रेंजला सांगतो.

तुला हे अर्धवट वाटलं. मला हा सगळ्या मालिकेतला सगळ्यात खरा प्रसंग वाटला. का, ते सांगायला मला एक जुनी केस सांगावी लागेल. नावं-गावं गाळतो.

त्याआधी 'रायटर' म्हणजे काय ते सांगतो, कारण पुस्तकात हे पद नाही. तपासी अंमलदारासोबत एक हवालदार नाहीतर जमादार असतो. पंचनामा तो लिहितो, जबाब तो उतरवतो, मुद्देमालाला लेबल तो लावतो, डायरी तो घालतो. सह्या साहेबांच्या. त्याला सगळे रायटर म्हणतात. लुईस हा पदानं सार्जंट असला तरी कामानं आपल्याकडचा रायटर आहे. साहेब तर्क लढवतो, हा दारं वाजवतो, कागद गोळा करतो, घरी पोरांच्या शाळेच्या वेळेला पोचायचं बघतो आणि साहेबाच्या बिअरचे पैसे देतो. शेवटची गोष्ट आपल्याकडेही तश्शीच चालते, फक्त बिअरऐवजी चहा.

तर, फेब्रुवारी १९९८. बीड जिल्ह्यातलं एक तालुक्याचं ठाणं. शेतातल्या पडक्या विहिरीत बाईचं प्रेत. चार-पाच दिवसांचं असावं. डॉक्टरांनी गळा आवळल्याचं लिहून दिलं, खुनाचा गुन्हा दाखल झाला. ओळख मात्र पटेना. अंगावर नाव सांगणारी एकही वस्तू नाही. आसपासच्या जिल्ह्यांना बिनतारी संदेश गेले, बेपत्ता म्हणून कुठंच नोंद नाही. शेजारच्या बारा गावांत एकही बाई कमी नव्हती. आम्हाला कळेना, ही बाई आली कुठून. वर्षअखेरीला मी फायनल पाठवला.

बाई कुठूनही आलेली नव्हती. ती तिथलीच होती. आमच्याकडे दसरा-दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला जातं, कारखान्यावर, पार कर्नाटकापर्यंत. मुकादम उचल देतो ती जोडप्याला. नवरा-बायको मिळून एक कोयता. या बाईच्या माहेरच्यांना वाटत होतं, लेक नवऱ्यासोबत फडावर आहे. फडावरच्या टोळीला नवऱ्यानं सांगितलं होतं, तिची आई आजारी आहे, माहेरी गेलीय. दोन्हीकडच्यांच्या हिशेबात ती दुसरीकडं होती. मग बेपत्ता झाल्याची फिर्याद देणार कोण? हे आम्हाला तेव्हाच सुचायला हवं होतं. फेब्रुवारीत बीड जिल्ह्यात बाई सापडते आणि कुणी शोधत येत नाही, तर पहिला प्रश्न कोयत्याचा यायला पाहिजे. मला नाही सुचला. मी लातुरात शिकलेला, ऊस मला रसवंतीपुरता माहीत.

पुढच्या दिवाळीनंतर एक म्हातारी ठाण्यात आली. जावई नव्या बाईला घेऊन कोयत्यावर निघालाय हे तिला बाजारात कळलं होतं. माझी लेक कुठंय, एवढंच विचारायला आलेली. मी दुसऱ्याच गडबडीत होतो. माझ्या रायटरनं, वयानं माझ्यापेक्षा मोठ्या जमादारानं, तिला बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "आजी, लेकीच्या हातावर गोंदलेलं होतं का वं काही?"

ती म्हणाली, "तुळस हाय की. खाली दोन ठिपके. तिच्या दोन भावाचे."

जमादार उठला, रेकॉर्डमधून फाईल काढली आणि माझ्या टेबलावर इन्क्वेस्ट पंचनामा उघडून ठेवला. त्याच्याच अक्षरात होतं: डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूस तुळशीचे गोंदण, खाली दोन ठिपके, पैकी एक पुसट. मला ती दुपार लख्ख आठवली. वास सहन होत नव्हता आणि मी वरून ओरडत होतो, "उरका जमादार, ऊन चढायलंय." आणि हा माणूस नाकाला रुमाल बांधून, प्रेताचा हात उलटा करून, दुसरा ठिपका पुसट आहे हे लिहीत होता.

कोर्टाला कळवलं, तपास पुन्हा सुरू केला. नवऱ्याला फडावरून आणलं. खटला उभा राहिला तो परिस्थितिजन्य पुराव्यावर, आणि त्यातला ओळखीचा दुवा त्या गोंदणावर होता. शिक्षा लागली. पेपरात माझं नाव आलं, प्रशस्तिपत्र मिळालं. बक्षिसाच्या प्रस्तावात मी जमादाराचं नाव तिसरं घातलं होतं. वरून दोनच मंजूर झाले. मी पुन्हा लिहिलं नाही. काय होतं, 'पुढच्या वेळी बघू' म्हणून राहिलं.

जमादार नोकरीत असतानाच गेला. २००९ च्या ऑक्टोबरात, विधानसभेच्या मतदानाच्या आदल्या रात्री. हार्ट अटॅक. मी दुसऱ्या जिल्ह्यात बंदोबस्ताला होतो, मतदान यंत्रांच्या मागं. मी पोचलो तेव्हा सावडणं झालेलं होतं.

मॉर्सनं निदान स्ट्रेंजजवळ निरोप ठेवला.

तेव्हा लेकरा, तुला जे अर्धवट वाटतं ते मला तसं का वाटत नाही, हे यावरून समजून घे. मॉर्सनं आरोपी पकडून, चार वाक्यांत कोडं उलगडून मग छातीवर हात ठेवून खाली पडायचं, असा शेवट सहज लिहिता आला असता. तसा लिहिला असता तर तो चौतिसावा सिनेमाही झाला असता, पस्तिसावाही. तेहतीस सिनेमे मालिका आपल्याला एक गोष्ट पटवत असते की मॉर्स आहे म्हणून गुन्हा उघड होतो, लुईस गाडी चालवतो. शेवटच्या सिनेमात साहेब पडल्यावरही काम अडत नाही. बेडी लुईसच्या हातात आहे कारण ती आधीपासून त्याच्याच हातात होती, आपण बघत नव्हतो. २००६ ते २०१५ या काळात 'लुईस' नावाची वेगळी मालिका आली, तीही बरोबर तेहतीस सिनेमांची. तिथं तो स्वतः इन्स्पेक्टर आहे. काही ठिकाणी संथ आहे, पण बघ.

नावाचंही बघ. सिनेमात मॉर्स मावळत्या सूर्याकडे बघत ए. ई. हाउसमनची एक कविता म्हणतो. दिवस पश्चिमेला मरतो त्याबद्दलची. नाव तिच्यातल्या शेवटच्या ओळीतून घेतलंय. रिमॉर्सफुल म्हणजे पश्चात्तापानं भरलेला. आणि शब्द नीट बघितलास तर मधोमध मॉर्स बसलेला आहे. शब्दकोडीवाल्या मास्तरानं जाता जाता केलेली खोडी. मला ही गोष्ट दुसऱ्यांदा बघताना दिसली.

शेवटी लुईस येतो, साहेबाच्या कपाळावर ओठ टेकवतो, "गुडबाय, सर" म्हणतो आणि जातो. कॅमेरा रडारड करत नाही, गणवेशातली मानवंदना नाही, भाषण नाही. माझी बायको म्हणाली, "एवढंच?" खात्यातल्या बाईला ठाऊक असायला हवं होतं. माझ्या निवृत्तीच्या दिवशी लॉकडाऊन होता. एरवी निरोपसमारंभ असतो, फेटा, शाल-श्रीफळ, जीपला दोर बांधून साहेबाला दारापर्यंत ओढत नेणं. मी पिस्तूल जमा केलं, ना-देय प्रमाणपत्राच्या रांगेत एकेक मीटर अंतर ठेवून उभा राहिलो, चार्ज दिला आणि मोटारसायकलवर घरी आलो. मास्कमुळं गेटवरच्या शिपायानं ओळखलं नाही, गाडीचे कागद मागितले. शाल आणि नारळ जुलैमध्ये एका पोरानं घरी आणून दिले. नारळ नासका निघाला.

आता 'एंडेवर'. हे मॉर्सचं पहिलं नाव. ते त्यानं वर्षानुवर्षं लपवलं होतं, कारण बाप दर्यावर्दी कॅप्टन कुकचा भक्त आणि आई सद्गुणांची नावं ठेवणाऱ्या क्वेकर पंथाची, म्हणून पोराला कुकच्या जहाजाचं नाव! २०१२ ते २०२३ या काळात तरुण मॉर्सची ही मालिका आली, छत्तीस सिनेमे, शॉन इव्हान्स नायक. सगळे एकट्या रसेल लुईसनं लिहिले, ही साधी गोष्ट नाही. पहिल्याच सिनेमाच्या शेवटी त्याचा साहेब विचारतो, वीस वर्षांनी स्वतःला कुठं बघतोस? हा गाडीच्या आरशात बघतो तर आरशात जॉन थॉचे डोळे. जॉन थॉ २००२ मध्येच वारला होता, साठ वर्षांचा असताना. मी ते दृश्य चार वेळा मागं नेऊन बघितलं.

इथं पारडं उलटं आहे. इथं मॉर्स रायटर आहे आणि साहेब आहे फ्रेड थर्सडे. रॉजर अॅलमनं तो इतका भारी उभा केलाय की असा साहेब मिळावा म्हणून मी बदली मागितली असती. शेवटच्या सिनेमात, 'एग्झिअंट'मध्ये, मॉर्सला कळतं की मुलाला वाचवायच्या नादात थर्सडेच्या हातून एक खून झालाय. तो ते पोटात ठेवतो. दोघं कायमचे दुरावतात. जुन्या तेहतीस सिनेमांत म्हातारा मॉर्स या गुरूचं नाव एकदाही का घेत नाही, याचं उत्तर लेखकानं असं दिलंय. पंचवीस वर्षं आधी लिहिलेल्या गप्पपणाला कारण शोधून देणं, याला डोकं लागतं. लेखक म्हणून त्याला माझा सलाम. थर्सडेची मुलगी जोन तरुण स्ट्रेंजशी लग्न करते. मॉर्स तिला मनातलं सांगून टाकतो असं आपल्याला दिसतं, आणि मग कळतं की ते त्याच्या मनातच घडलं. फार सुंदर केलंय. त्याच लग्नातला नवरदेव पुढं जाऊन त्याचा वरिष्ठ होणार आणि शेवटचा निरोप त्याच्याच कानात सांगितला जाणार, हे माहीत असेल तर घास अडकतो.

पण पोलीस म्हणून विचारशील तर, मला तो शेवट पटत नाही. खुनाचा पुरावा दडवणं म्हणजे जुनं कलम २०१, आता भारतीय न्याय संहितेचं २३८. मेलेला गुंड होता म्हणून कलम बदलत नाही. लोक म्हणतात, गुरूसाठी केलं. आपल्याकडेही असली वाक्यं मोप ऐकायला मिळतात, आणि ज्या फायली कधीच उघडत नाहीत त्यांच्या तळाशी बहुतेक वेळा असंच कुणाचं तरी कुणासाठी तरी केलेलं असतं. सिनेमा त्यावर पुरेसा चिडत नाही. तो मॉर्सच्या दुःखात रमतो, आणि ज्याचा खून झाला त्याची आई कुठं असेल हे विचारत नाही. रिमॉर्सफुल डेमध्ये मयत बाईची निदान फाईल पुन्हा उघडते. दोन्हींतून एक निवड म्हटलीस तर मी जुनाच निवडीन. देखणेपणात मात्र नवा वरचढ आहे, ते नाकारत नाही.

कुणीतरी म्हणेल, आपली सीआयडी काय वाईट? वाईट नाही. शिवाजी साटम 'एक शून्य शून्य' या जुन्या मालिकेपासून बघतोय मी. सीआयडी १९९८ ते २०१८ अशी वीस वर्षं चालली, २०२४ च्या अखेरीस परत सुरू झाली. आपल्याकडे मालिका बंद होते, संपत नाही. दयानं किती दारं तोडली त्याचा हिशेब नाही, पण एकाही दाराचा पंचनामा झालेला मी बघितला नाही.

बघण्याचा क्रम विचारला नाहीस, तरी सांगतो. तू जुना आधी बघितलास ते बरं झालं. आता 'लुईस', आणि मग 'एंडेवर'. काळाच्या क्रमानं, म्हणजे तरुणपणापासून बघा, असा सल्ला देतात तो ऐकू नकोस. आरशातले डोळे कुणाचे हे माहीत नसेल तर त्या दृश्यात काय उरतं? एंडेवरचे मधले काही सिनेमे अतीच नाटकी आहेत, एकात तर वाघ सुटलाय. तिथं चहा करून आलीस तरी चालेल.

आणि पहिली पोस्टिंग मिळाली की कळव, कुठलं ठाणं ते. मराठवाड्यातलं असेल तर तिथं माझ्या ओळखीचा एखादा जुना रायटर निघेल. फोन नंबर देतो.